पांढऱ्या भिंती, काळी कौले : चीनमधील काही जुनी खेडी

(द्वितीय वर्ष, कला)

चीन म्हटले की दोन गोष्टी चटकन डोळ्यांपुढे उभ्या राहतात. एक ती प्रचंड भिंत आणि दुसरा बीजिंगचा राजवाडा. शाळेच्या पुस्तकांतून आपली ओळख होते ती एवढ्याचीच. पण राजांनी भिंती आणि राजवाडे बांधावेत यात विशेष ते काय? सगळ्याच देशांचे राजे ते करीत आले आहेत. साध्या माणसांनी आपल्या गावात घर कसे बांधले, पाणी कसे आणले, आगीपासून आणि दरोडेखोरांपासून बचाव कसा केला, हे पाहायचे तर खेड्यातच शिरले पाहिजे. म्हणून ह्या लेखात वाचकांना मी चीनच्या काही जुन्या खेड्यांत घेऊन जाणार आहे.

मी स्वतः तिकडे गेलेली नाही, हे आधीच सांगते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि जिल्ह्याच्या ठिकाणापलीकडे माझा प्रवास नाही. इतिहासाच्या तासाला ह्युएन त्संगचे नाव निघाले. सातव्या शतकात हा भिक्षू चीनमधून निघाला तो थेट आपल्या महाराष्ट्रापर्यंत आला आणि पुलकेशीच्या राज्यातील माणसे कशी मानी आहेत ते लिहून गेला. तो आपल्याला पाहून गेला. त्याच्या देशातली माणसे कशी राहतात हे आपण कधी पाहिले? ह्या विचाराने मी ग्रंथालयातील पुस्तके, नकाशे आणि मोबाईलवर मिळतील ती छायाचित्रे पाहत सुटले. ती पाहायला माझ्या शेजारी आणखी एक जण बसत असे, ते म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. ते गवंडी आहेत. त्यांचे प्रश्न लेखात जागोजागी आले आहेत, कारण इतके नेमके प्रश्न मला सुचले नसते.

प्रथम आंह्वी प्रांताच्या दक्षिण भागात जाऊ. ह्या मुलखाचे जुने नाव ह्वेईचौ. सगळा डोंगराळ प्रदेश, शेतीला जमीन थोडी. येथील दोन खेडी, शीदी आणि होंगत्सुन, युनेस्कोने २००० साली जागतिक वारशाच्या यादीत घातली. शीदी हे हू कुळाचे गाव, तर होंगत्सुन वांग कुळाचे. चीनमध्ये एका गावात बहुधा एकाच आडनावाची वस्ती असते आणि गावाच्या मध्यभागी कुळाच्या पूर्वजांचे सभागृह असते. आपल्याकडे गावाचा केंद्रबिंदू देऊळ किंवा चावडी. तिकडे ते पूर्वजगृह.

होंगत्सुनची वसाहत बाराव्या शतकातली, ११३१ च्या सुमारास सुरू झालेली. गावाची रचना बसलेल्या बैलासारखी आहे असे म्हणतात. उत्तरेची टेकडी हे डोके, तिच्यावरची दोन जुनी झाडे ही शिंगे, घरांची दाटी हे शरीर, आणि ओढ्यावरचे पूल हे पाय. बैलाचे नाव निघाल्यावर आण्णा सरसावून बसले. खरी गंमत मात्र बैलाच्या पोटात आहे. गावाच्या वरच्या अंगाला ओढ्याला बांध घातला आहे. तेथून दगडी पाट काढून तो हजार मीटरहून अधिक लांब, वळणे घेत गावातून फिरवला आहे. ही बैलाची आतडी. पाट घरांच्या दारांवरून, काही ठिकाणी अंगणातूनसुद्धा जातो, मग मधल्या अर्धचंद्राकृती तळ्यात पडतो (ही बैलाची कोठी), आणि तेथून दक्षिणेच्या मोठ्या तलावात जाऊन पुढे शेतांना मिळतो. दक्षिणेचा तलाव १६०७ साली झाला. सकाळी ठरावीक वेळेपर्यंत पाटातून प्यायचे पाणी भरायचे आणि त्यानंतरच कपडे-भांडी धुवायची, असा गावाचा जुना नियम सांगतात. दाट वस्तीत आग लागली तर पाणी दारातच.

मधले तळे कोणी खोदवले? पंधराव्या शतकाच्या आरंभी कुळाचा प्रमुख सरकारी कामासाठी दूर असताना त्याच्या पत्नीने, हू चोंगने, हे काम पुढाकार घेऊन करविले, असे गावात सांगतात. तळे पूर्ण गोल न करता अर्धेच का ठेवले, ह्याचे उत्तरही तेथले लोक देतात : पूर्ण झालेला चंद्र दुसऱ्या दिवसापासून उतरणीला लागतो, अर्ध्याला अजून वाढायला जागा असते.

आता घराकडे वळू. ह्वेईचौचे घर बाहेरून अगदी कोरडे दिसते. चुन्याने पांढऱ्या केलेल्या उंच भिंती, वर काळी कौले, आणि खिडक्या म्हणाव्यात तर जवळजवळ नाहीतच. असल्या तर वर कुठेतरी हातभर भोक. "तुरुंगच की हा," आण्णा म्हणाले. पण दरवाजातून आत गेले की मध्ये आकाशाला उघडा असलेला चौक लागतो. चिनी भाषेत त्याला 'थ्येनचिंग' म्हणतात, म्हणजे आकाशाची विहीर. आपल्या वाड्यातला चौक ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो लगेच ओळखीचा वाटेल. फरक एवढाच की हा अरुंद आणि खोल, खरोखर विहिरीसारखा. घराला उजेड येतो तो येथूनच. तापलेली हवा वर निघून जाते तीही येथूनच. चारही बाजूंची छपरे आतल्या बाजूला उतरती असतात, म्हणून पावसाचे सगळे पाणी चौकात पडते आणि दगडी गटारातून बाहेर जाते. पाणी म्हणजे संपत्ती, ती दुसऱ्याच्या दारात न जाता आपल्याच घरात यावी, असा व्यापाऱ्यांचा त्यामागचा भाव.

व्यापाऱ्यांचा म्हटले, कारण ही घरे शेतीवर उभी राहिलेली नाहीत. पिकाची जमीन पुरेना, म्हणून ह्वेईचौची मुले तेरा-चौदाव्या वर्षी दुकानात उमेदवारी करायला परगावी पाठवीत. मिंग आणि छिंग राजवटींत मीठ, चहा, लाकूड आणि सावकारी ह्या धंद्यांत ह्वेईचौच्या व्यापाऱ्यांचे नाव देशभर झाले. पैसा आला तो घराकडे पाठवला गेला. पण सरकारी नियम असा की सामान्य माणसाने तीन खणांपेक्षा रुंद घर बांधू नये, रंगीत नक्षी करू नये. मोठे घर बांधता येईना, तेव्हा ह्या मंडळींनी सगळी हौस आतल्या कोरीवकामावर भागवली. दारावर विटांचे कोरीवकाम, जोत्याला दगडाचे, आणि आत तुळयांवर, खांबांच्या माथ्यावर, दारांच्या फळ्यांवर लाकडाचे. होंगत्सुनमधले छंगचिह थांग हे घर एका मिठाच्या व्यापाऱ्याने १८५५ च्या सुमारास बांधले. त्यातील एका तुळईवर शंभर मुले दिव्यांच्या सणात दंगा करताना कोरली आहेत. माझ्या मते सबंध गावात पाहण्यासारखी ही एकच गोष्ट पाहिली तरी पुरे.

हे कोरीवकाम शिल्लक राहिले ही मोठी गोष्ट आहे. १९६६ ते १९७६ ह्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात जुन्या वस्तू फोडण्याची मोहीम निघाली होती. ह्या भागात पुष्कळ ठिकाणी कोरलेल्या माणसांचे चेहरे तासून टाकलेले आज दिसतात. काही घरांत मात्र लोकांनी कोरीवकामावर चिखल लिंपला, वर कागद चिकटवले, त्यावर घोषणा लिहिल्या, आणि पुढे दिवस पालटल्यावर चिखल धुऊन काढला.

घराच्या बाजूच्या भिंती छपराच्याही वर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या दिसतात. त्यांना घोड्याच्या डोक्याची भिंत म्हणतात. शोभेसाठी असेल असे मला वाटले होते, आण्णा चित्र पाहताच म्हणाले, "ही आगीची भिंत." तसेच आहे. लाकडी घरे एकमेकांना खेटून असल्याने एकाला आग लागली की सबंध आळी जळे. सोळाव्या शतकाच्या आरंभी तेथल्या हो शिन नावाच्या अधिकाऱ्याने पाच-पाच घरांचे गट करून मध्ये अशा उंच भिंती घालायला लावल्या. पुढे त्या सोयीच्या वाटू लागल्या आणि घरोघर झाल्या.

भिंतीविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ह्या घरांत भिंतीवर वजन नसते. छपराचा सारा भार लाकडी खांबांवर आणि तुळयांवर. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसवायची. मुख्य सांगाड्याला खिळा नाही. भिंत पडली तरी घर पडत नाही अशी चिनी म्हणच आहे. भूकंपात सांधे थोडे हलतात, धक्का पचवतात, मातीची भिंत ढासळते, पण सांगाडा बऱ्याचदा उभा राहतो. ह्या लाकूडकामाचे नियम फार जुने आहेत. सोंग राजवटीत ली च्ये याने तयार केलेला बांधकामाचा सरकारी ग्रंथ ११०३ साली छापला गेला. कोणत्या मापाच्या लाकडाला काय प्रमाण, कोणत्या कामाला किती मजुरी-दिवस, हे सगळे त्यात आहे. मजुरीचा हिशेब ग्रंथात असतो हे ऐकून आण्णांना फार बरे वाटले.

पण एक शंका मला सोडत नव्हती. पुरुष तेरा-चौदाव्या वर्षी बाहेर जाणार, लग्नापुरते येणार, पुन्हा जाणार. मग ह्या उंच भिंतींच्या आत राहत कोण होते? बायका, मुले आणि म्हातारी माणसे. बिनखिडक्यांची भिंत चोराला आत येऊ देत नाही, तशी आतल्या बाईला बाहेर पाहूही देत नाही. ह्याच प्रदेशात थांगयुए येथे सात दगडी कमानी ओळीने उभ्या आहेत. त्यांतील दोन तरुणपणी विधवा होऊन पुन्हा लग्न न करता आयुष्य काढणाऱ्या स्त्रियांच्या आहेत. कमान सुंदर आहे हे मी नाकारत नाही. पण पुस्तकात 'रम्य, शांत खेडे' असे वर्णन वाचले की मला त्या कमानी आठवतात.

येथून आपण दक्षिणेला फूच्यान प्रांतात जाऊ. येथले बांधकाम पाहून आण्णा बराच वेळ काही बोललेच नाहीत. डोंगरांच्या कुशीत मातीच्या प्रचंड गोल आणि चौकोनी इमारती, तीन-तीन चार-चार मजली, आणि एकेका इमारतीत सबंध गाव. त्यांना 'थूलौ' म्हणतात, म्हणजे मातीची माडी. हाक्का नावाचे लोक उत्तरेकडून टप्प्याटप्प्याने येथे येऊन राहिले. दरोडेखोरांचे भय, आणि आजूबाजूच्या गावांशी जमिनीवरून भांडणे. म्हणून सगळ्या भाऊबंदांनी मिळून एकच घर बांधायचे आणि एकच दरवाजा ठेवायचा. पंधराव्या ते विसाव्या शतकात बांधलेल्या अशा ४६ इमारती युनेस्कोने २००८ साली यादीत घेतल्या. सर्वांत मोठ्या इमारतींत आठशेपर्यंत माणसे राहत.

"माती एवढी उंच उभी राहते कशी?" हा आण्णांचा पहिला प्रश्न. पद्धत अशी. खाली दगडांचा रुंद पाया, पुराचे पाणी लागणार नाही इतका वर घेतलेला. त्यावर दोन फळ्यांचा साचा उभा करायचा. त्यात किंचित ओलसर माती थोडी थोडी टाकायची आणि लांब दांड्याच्या धुमसाने कुटायची. मातीत वाळू आणि चुना मिसळतात. थरांच्या मध्ये बांबूच्या पट्ट्या आणि झाडांच्या फांद्या आडव्या घालतात. आपण काँक्रीटमध्ये गज घालतो त्याचेच हे काम. एक भाग कुटून झाला की साचा पुढे सरकवायचा. भिंत पायथ्याशी दीड मीटरच्या आसपास जाड आणि वर निमुळती होत जाते. घाई चालत नाही. माती वाळून बसली पाहिजे, म्हणून साधारण एका वर्षात एक मजला चढे. फार मजबुती हवी तेथे चिकट तांदळाची पेज आणि गूळही घालीत असे सांगतात. ह्यात दंतकथा किती असेल अशी मला शंका होती. पण चीनच्या जुन्या बांधकामांतील चुन्यात चिकट तांदूळ खरोखर असतो, आणि त्यातील पिष्ठामुळे चुना अधिक बारीक आणि घट्ट बसतो, हे झेजियांग विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये दाखवून दिले आहे. आण्णांना त्याचे नवल वाटले नाही. "आपल्याकडं घाणीवर चुना मळताना गूळ, हिरडा, बेलफळ घालत नव्हते व्हय?" ते म्हणाले. त्यांच्या आजोबांनी तो चुना मळलेला होता.

छंगछी लौ ही इमारत १७०९ साली पूर्ण झाली. ती च्यांग कुळाची. एकात एक अशी चार वर्तुळे; बाहेरचे चार मजली, दुसरे दोन मजली, तिसरे एक मजली, आणि अगदी मधोमध पूर्वजांचे सभागृह. खोल्या सुमारे ४००. वाटणीची तऱ्हा मला सर्वांत आवडली. एका कुटुंबाला एक मजला असे नाही. केकचा तुकडा कापावा तसा वरपासून खालपर्यंतचा एक उभा भाग. तळमजल्यावर स्वयंपाकघर, दुसऱ्यावर धान्य, तिसऱ्या-चौथ्यावर झोपायच्या खोल्या. सगळ्यांच्या खोल्या एकाच मापाच्या. जिने सामायिक, व्हरांडा सामायिक, विहीर सामायिक. श्रीमंत भावाची खोली मोठी आणि गरिबाची कोपऱ्यात, हा प्रकारच नाही, कारण वर्तुळाला कोपरा नसतो. बाहेरच्या अंगाला खालच्या दोन मजल्यांना खिडक्या नाहीत. दरवाजा जाड फळ्यांचा, वर लोखंडी पत्रा मारलेला. कोणी आग लावलीच तर दरवाजावर वरून पाणी सोडण्याची सोय. आता भांडणे होत नसतील काय? चारशे खोल्या आणि सामायिक दरवाजे म्हटल्यावर होतच असणार. आमच्याकडे सहा खोल्यांत आणि दोन दरवाज्यांत होतात.

खायपिंगच्या मनोऱ्यांचा उल्लेख ओझरताच करते. क्वांगतुंग प्रांतातील हे लोक मजुरीसाठी अमेरिकेला, कॅनडाला गेले आणि तिकडून पाठवलेल्या पैशांतून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी गावोगाव काँक्रीटचे मनोरे बांधले, पुरापासून आणि दरोड्यांपासून बचाव म्हणून. अठराशेहून अधिक मनोरे आजही आहेत, आणि २००७ पासून तेही जागतिक वारसा आहेत. खाली चिनी घर आणि डोक्यावर युरोपातले खांब व घुमट, असा हा प्रकार मला फारसा रुचला नाही. परदेशी राबणाऱ्या माणसाला आपण काय काय पाहिले ते गावाला दाखवावेसे वाटणारच, हे मात्र समजते.

उत्तर चीनमधल्या घरांशी तर एका मराठी माणसाचा थेट संबंध आला होता. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. हे पथक १९३९ साली यनआनला पोचले. तेथे पिवळ्या मातीच्या डोंगरांत खोदलेली गुहेसारखी घरे आहेत, हिवाळ्यात उबदार आणि उन्हाळ्यात थंड. दवाखानेसुद्धा तशाच गुहांत होते. पुढे हबेई प्रांतातील खेड्यांत ते राहिले, आणि तेथेच १९४२ साली वारले. तिकडच्या घरांत 'खांग' म्हणून विटांचा ओटा असतो. चुलीचा धूर त्याच्या पोटातून फिरवून बाहेर सोडतात, म्हणजे एकाच जळणात भाकरी आणि झोपायला ऊब. आपल्या कोटणिसांनी असे हिवाळे काढले असतील.

आता ही गावे पाहायला गेले तर काय दिसते? चीनमधील अभ्यासकांनी आधी देवळे-राजवाडे शोधले. ल्यांग सिछंग आणि लिन ह्वेइयिन ह्या पतिपत्नींनी १९३७ साली खेचरांवरून प्रवास करीत ८५७ सालचे फोग्वांग मंदिर शोधून काढले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. खेड्यांची पाळी नंतर आली. त्सिंगह्वा विद्यापीठाचे छन चिह्वा यांनी १९८९ पासून सहकाऱ्यांसह एकेक खेडे धरून घरांची मापे घेतली, नकाशे काढले. सरकारने २०१२ साली पारंपरिक खेड्यांची पहिली यादी केली, तीत ६४६ गावे होती. २०२३ पर्यंत ती संख्या ८१५५ झाली.

यादीत नाव गेले की पर्यटक येतात. 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' ह्या २००० सालच्या चित्रपटात होंगत्सुनचे तळे दिसले आणि गर्दी फारच वाढली. तिकिटाचा पैसा कोणाचा, हा प्रश्न लगोलग आला. शीदीत बरीच वर्षे गावाच्याच संस्थेने कारभार पाहिला. होंगत्सुनमध्ये १९९७ पासून तो बाहेरच्या कंपनीकडे होता आणि वाट्यावरून गावकऱ्यांचे तंटे झाले. मला शीदीची बाजू पटते. दारातून अनोळखी माणसे दिवसभर ये-जा करणार ती ज्यांच्या, त्यांच्या हातात तिकीटखिडकी असावी.

दुसरा प्रश्न अवघड आहे. वारशाच्या घराला मालकाने हात लावायचा नाही. मोठी खिडकी पाडायची नाही, कौल काढून स्लॅब टाकायचा नाही. पण तरुण माणसे शहरात नोकरीला गेली आहेत, आणि मागे राहिलेल्यांना ओल, अंधार आणि वाळवी सोसावी लागते. शहरातून आलेल्याला हे कळणे कठीण, मला कळते. आमचे घर मातीच्या भिंतींचे आणि माळवदाचे आहे. दर उन्हाळ्यात वर पांढरी माती टाकायची, तरी आषाढात न्हाणीशेजारी गळतेच. यंदा ते पाडून पक्के बांधावे असे आईचे म्हणणे आहे, आणि भांडी ठेवून गळती झेलणारी तीच असल्यामुळे तिच्या म्हणण्याला जोर आहे. आण्णांनी आयुष्यभर दुसऱ्यांची सिमेंटची घरे बांधली. मातीच्या भिंतीचे काम गेल्या दहा वर्षांत त्यांच्याकडे एकही आलेले नाही. स्वतःच्या घराविषयी ते अजून काही बोललेले नाहीत. थूलौच्या भिंतीचे चित्र मात्र त्यांनी माझ्याकडून दोनदा मागून घेतले.

एका घराची हकीकत सांगायची राहिली. ह्वेईचौमधील ह्वांगत्सुन गावात ह्वांग कुळाचे यिन यू थांग नावाचे घर होते, झोपायच्या सोळा खोल्यांचे. सुमारे दोनशे वर्षे त्यात पिढ्यान् पिढ्या नांदल्या, आणि १९८० नंतर शेवटची माणसेही बाहेर पडली. पुढे चिनी अधिकाऱ्यांच्या संमतीने ते घर उतरवले गेले. प्रत्येक तुळईवर, दगडावर खूण करून ते जहाजाने अमेरिकेतील सेलम गावी नेले आणि तेथील पीबॉडी एसेक्स संग्रहालयात पुन्हा उभे केले. जोडणीसाठी चिनी सुतार-गवंडी तिकडे गेले होते. "बरोबर आहे, ज्यानं उतरवलं त्यालाच चढवता येतं," आण्णा म्हणाले. २००३ पासून ते लोकांना पाहायला खुले आहे. भिंतीवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चिकटवलेला विलायती कागद तसाच आहे, माओच्या काळात घरात बसवलेला सरकारी कर्णाही तसाच आहे. चौकातले दोन लहान हौदही नेले आहेत, आणि ह्वेईचौला असत तसे त्यांत मासे सोडले आहेत.